प्रबलित काँक्रीट चौकटींचे भूकंपवर्तन

प्रबलित काँक्रीट चौकटींचे भूकंपवर्तन म्हणजे पोलादी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या तुळया व स्तंभ यांनी बनलेली इमारतीची चौकट भूकंपाच्या हादऱ्यांना ज्या रीतीने तोंड देते ती रीत होय. भूकंप अभियांत्रिकीतील हा एक प्रमुख अभ्यासविषय आहे. भारतीय शहरांतील बहुमजली निवासी इमारती मोठ्या प्रमाणावर याच प्रकारच्या असल्यामुळे या विषयाचा रहिवाशांच्या जीविताशी थेट संबंध येतो. अशी चौकट भूकंपात तगते की कोसळते, हे ती किती भक्कम आहे यापेक्षा ती कोठे आणि कशा प्रकारे मोडते यावर अधिक अवलंबून असते, हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या संशोधनाचा मुख्य निष्कर्ष आहे.

चौकटीची रचना

काँक्रीट दाब चांगला सहन करते. ताण मात्र फारच थोडा सहन करते. ताण पेलण्यासाठी त्यात पोलादी सळ्या घालतात. अशा काँक्रीटला प्रबलित काँक्रीट म्हणतात. चौकटीतील उभ्या घटकांना स्तंभ किंवा बोलभाषेत कॉलम, तर आडव्या घटकांना तुळई किंवा बीम म्हणतात. ते जेथे एकमेकांना मिळतात तो भाग म्हणजे सांधा. मजल्याची लादी, म्हणजे स्लॅब, तुळयांवर टेकते. चौकटीच्या मोकळ्या जागा बहुधा विटांच्या किंवा ठोकळ्यांच्या भिंतींनी भरून काढतात.

स्तंभ आणि तुळई यांत दोन प्रकारच्या सळ्या असतात. लांबीच्या दिशेने जाणाऱ्या मुख्य सळ्या घटक वाकताना निर्माण होणारा ताण घेतात. त्यांच्याभोवती ठरावीक अंतरावर बसवलेल्या बारीक सळ्यांच्या बंद कड्यांना रिंगा म्हणतात. रिंगांची कामे तीन आहेत : घटकाला तिरप्या दिशेने कापू पाहणाऱ्या कर्तनबलाचा प्रतिकार करणे, दाबाखालील मुख्य सळ्यांना बाहेर फुगू न देणे आणि गाभ्यातील काँक्रीट आवळून धरणे. भूकंपाच्या दृष्टीने यांतील तिसरे काम विशेष महत्त्वाचे आहे. आवळलेले काँक्रीट चिरडण्यापूर्वी साध्या काँक्रीटच्या कित्येक पट आकुंचन सहन करू शकते.

केवळ उभा भार असताना तुळईत ताण कोठे येणार हे निश्चित असते : मध्यभागी खालच्या बाजूस व टोकांशी वरच्या बाजूस. भूकंपात इमारत डावी-उजवीकडे झुलू लागली की टोकांशी येणारा ताण क्षणाक्षणाला वर-खाली बदलतो. त्यामुळे तुळईच्या टोकांना दोन्ही बाजूंस पुरेशा सळ्या असाव्या लागतात.

भूकंपात निर्माण होणारे बल

भूकंप इमारतीला बाहेरून ढकलत नाही. तो तिच्या पायाखालची जमीन हलवतो. जमिनीबरोबर पाया सरकतो, परंतु जडत्वामुळे वरचे मजले मागे राहू पाहतात. यातून निर्माण होणारे जडत्वबल वस्तुमान आणि त्वरण यांच्या गुणाकाराइतके असते. त्यामुळे इमारत जितकी जड, तितके तिच्यावर येणारे बल मोठे. इमारतीचे बहुतेक वस्तुमान मजल्यांच्या पातळीवर असल्याने हे बल लादीतून तुळयांकडे, तेथून स्तंभांकडे व शेवटी पायाकडे जाते. प्रत्येक मजल्याच्या स्तंभांवर वरील सर्व मजल्यांच्या बलांची बेरीज येते. साहजिकच तळमजल्याच्या स्तंभांवर ती सर्वांत जास्त असते.

इमारतीचा नैसर्गिक आवर्तकाल, म्हणजे एक झोका पूर्ण करण्यास तिला लागणारा वेळ, हाही महत्त्वाचा घटक आहे. भारतीय मानकातील सूत्रानुसार भिंतींचा विचार न करता १२ मीटर उंचीच्या चौकटीचा आवर्तकाल सुमारे ०.४८ सेकंद, तर ३० मीटर उंचीच्या चौकटीचा सुमारे ०.९६ सेकंद येतो. जमिनीच्या हालचालीत याच आवर्तकालाची कंपने प्रबळ असतील, तर झोके वाढत जातात. १९ सप्टेंबर १९८५ च्या मेक्सिकोतील भूकंपाचे केंद्र मेक्सिको सिटीपासून ३५० किलोमीटरांहून अधिक दूर होते. तरीही जुन्या सरोवराच्या मऊ चिकणमातीवर वसलेल्या शहराच्या भागात सुमारे २ सेकंद आवर्तकालाची कंपने प्रबळ झाली आणि मुख्यतः ६ ते १५ मजली इमारतींची मोठी हानी झाली.

तन्यतेचे महत्त्व

तीव्र भूकंपात अजिबात तडा जाणार नाही अशी इमारत बांधणे शक्य असले, तरी सामान्य इमारतींसाठी ते अतिशय खर्चिक ठरते. भूकंप मानकांची भूमिका म्हणून वेगळी असते : सौम्य धक्क्यात इजा होऊ नये, मध्यम धक्क्यात दुरुस्त करता येईल इतपतच इजा व्हावी आणि तीव्र धक्क्यात इमारत कितीही नादुरुस्त झाली तरी कोसळू नये.

याचे स्वरूप एका उदाहरणावरून स्पष्ट होते. आयएस १८९३ च्या २०१६ मधील आवृत्तीनुसार भूकंपक्षेत्र ३ चा क्षेत्रगुणांक ०.१६ आहे. मध्यम प्रकारच्या जमिनीवरील १२ मीटर उंचीच्या साध्या निवासी इमारतीसाठी त्वरणगुणांक २.५ येतो. क्षेत्रगुणांकाच्या निम्म्याला २.५ ने गुणल्यास ०.२० मिळतात. म्हणजे इमारतीला लवचीक अवस्थेतच ठेवायचे असेल, तर तिच्या वजनाच्या २० टक्के इतके आडवे बल पेलावे लागेल. प्रत्यक्षात विशेष तन्य चौकटीसाठी मानक या आकड्याला ५ ने भागण्याची मुभा देते. त्यामुळे चौकटीचे संकल्पन वजनाच्या केवळ ४ टक्के बलासाठी होते.

ही सवलत बिनशर्त नाही. उरलेली मागणी चौकटीने वाकून, सळ्या ताणून आणि ऊर्जा शोषून भागवावी, अशी त्यामागे अपेक्षा आहे. ताकद फारशी न गमावता वारंवार व मोठ्या प्रमाणात वाकण्याच्या या गुणाला तन्यता म्हणतात. एखाद्या इमारतीची गणना ५ ने भागून केली, पण बांधताना तन्यतेसाठी आवश्यक सळ्यांची मांडणी केली नाही, तर तिला कमी ताकद आणि कमी तन्यता हे दोन्ही दोष एकाच वेळी लाभतात.

क्षमताधारित संकल्पन

तन्यता चौकटीत सर्वत्र सारखी आणता येत नाही. म्हणून कोणता घटक आधी मोडावा याचा क्रम अभियंता आधीच ठरवतो. या पद्धतीला क्षमताधारित संकल्पन म्हणतात. न्यूझीलंडमध्ये ही पद्धत विकसित झाली आणि क्राइस्टचर्च येथील कँटरबरी विद्यापीठातील रॉबर्ट पार्क व टॉमस पॉले यांच्या कार्यामुळे ती जगभर पोहोचली.

ही कल्पना साखळीच्या दृष्टांताने समजावली जाते. साखळीतील सर्व कड्या ठिसूळ असतील, तर सर्वांत कमजोर कडी तुटताच साखळी एकाएकी तुटते. परंतु एक कडी मुद्दाम तन्य आणि इतरांपेक्षा थोडी कमी ताकदीची ठेवली, तर ती ताणली जाते. तिच्यामुळे इतर कड्यांवर त्यांच्या ताकदीपेक्षा अधिक बल कधी येतच नाही. चौकटीत ही तन्य कडी म्हणजे तुळईचे टोक. तेथील सळ्या ताणल्या जाऊन तो भाग बिजागरीसारखा फिरू लागतो. स्तंभ, सांधे आणि पाया यांची ताकद त्याहून जास्त ठेवली जाते. तसेच कर्तनाने होणारा मोड ठिसूळ व अचानक असल्यामुळे वाकून होणारा मोड त्याच्या आधी व्हावा, असे प्रमाण राखतात.

या तत्त्वाला थोडक्यात ‘बलवान स्तंभ, दुर्बल तुळई’ असे म्हणतात. तुळई मोडल्यास सामान्यतः तिच्याच परिसरापुरती हानी होते. स्तंभ मोडल्यास वरील सर्व मजल्यांचा आधार जातो.

मोडण्याचे प्रमुख प्रकार

मऊ मजला – वाहनतळासाठी किंवा दुकानांसाठी तळमजला मोकळा ठेवून वरच्या मजल्यांवर भिंती बांधल्या की वरचा भाग एकसंध पेटीसारखा ताठर होतो आणि तळमजला त्यामानाने मऊ राहतो. भूकंपातील जवळजवळ सर्व सरकणे मग तळमजल्यातच एकवटते. वरचा भार झुकलेल्या स्तंभांना आणखी झुकवतो आणि स्तंभांच्या दोन्ही टोकांशी बिजागऱ्या तयार होऊन मजला बसतो. भिंती संकल्पनात बहुधा केवळ वजन म्हणून धरल्या जातात. त्यांचा ताठरपणा दुर्लक्षिला जाणे हे या दोषाचे मूळ आहे.

आखूड स्तंभ – एकाच मजल्यावरील काही स्तंभांची मोकळी उंची अर्धवट भिंतीमुळे, जिन्याच्या मधल्या तुळईमुळे किंवा उतारावरील बांधकामामुळे कमी झालेली असते. स्तंभाचा ताठरपणा उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने अर्ध्या उंचीचा स्तंभ तेवढ्याच जाडीच्या पूर्ण स्तंभाच्या ८ पट ताठर असतो. तो त्याच प्रमाणात बल ओढून घेतो आणि फुलीच्या आकाराच्या तिरप्या तड्यांनी फुटतो. खिडक्यांच्या सलग रांगेखाली अर्धी भिंत असलेल्या शाळांच्या इमारतींत हा दोष आढळतो.

सांध्याचा मोड – तुळईच्या सळ्या सांध्यात पुरेशा खोल रुतवल्या नाहीत किंवा सांध्याच्या आत रिंगा घातल्या नाहीत, तर सांधा तिरपा फुटतो. सांध्यात सळ्यांची दाटी असल्यामुळे तेथील रिंगा बसवणे जिकिरीचे असते आणि बांधकामावर त्या अनेकदा गाळल्या जातात.

तरंगते स्तंभ – वरच्या मजल्याचा स्तंभ पायापर्यंत न नेता मधल्याच तुळईवर किंवा बाहेर काढलेल्या भागावर उभा केल्यास बल खाली जाण्याचा मार्ग तुटतो.

पिळवट – लिफ्ट, जिना किंवा ताठर भिंती इमारतीच्या एका बाजूस असल्यास इमारत सरळ न झुलता पिळली जाते आणि ताठर भागापासून दूरच्या स्तंभांवर जादा ताण येतो.

सळ्यांची मांडणी

तन्यता प्रत्यक्षात उतरते ती सळ्यांच्या मांडणीतून. आयएस १३९२० या मानकाच्या २०१६ मधील आवृत्तीतील काही नियम पुढीलप्रमाणे आहेत.

रिंगेची टोके १३५ अंशांत वळवून गाभ्याच्या आत रुतवावीत. टोक केवळ ९० अंशांत वळवले असेल, तर बाहेरचे काँक्रीट गळून पडताच रिंग उघडते, मुख्य सळ्या फुगतात आणि गाभा चिरडतो.

स्तंभाच्या दोन्ही टोकांशी रिंगा दाट असाव्यात. ही दाट पट्टी स्तंभाची मोठी बाजू, मोकळ्या उंचीचा सहावा भाग आणि ४५० मिलिमीटर यांपैकी जे सर्वांत जास्त असेल तितकी लांब हवी. रिंगांमधील अंतर स्तंभाच्या लहान बाजूचा चौथा भाग, सर्वांत बारीक मुख्य सळीच्या व्यासाची ६ पट आणि १०० मिलिमीटर यांपैकी जे सर्वांत कमी असेल त्याहून जास्त नसावे. उदाहरणार्थ, ३०० × ४५० मिलिमीटरच्या आणि १६ मिलिमीटर व्यासाच्या मुख्य सळ्या असलेल्या स्तंभात हे अंतर ७५ मिलिमीटरांपेक्षा जास्त चालत नाही.

स्तंभातील सळ्यांचे जोड उंचीच्या मधल्या निम्म्या भागातच असावेत. लादीच्या लगेच वर जोड देणे बांधकामाला सोयीचे असले, तरी तेथेच वाकवणारे परिणाम सर्वाधिक असतात. प्रत्येक सांध्यापाशी स्तंभांची वाकण्यास विरोध करणारी एकूण क्षमता तुळयांच्या एकूण क्षमतेच्या किमान १.४ पट असावी.

यांपैकी बहुतेक तपशील काँक्रीट ओतल्यावर दृष्टिआड होतात. म्हणून काँक्रीट ओतण्यापूर्वीची सळ्यांची तपासणी हा बांधकामातील निर्णायक टप्पा मानला जातो.

महत्त्वाचे भूकंप

सॅन फर्नांडो, १९७१ – ९ फेब्रुवारी १९७१ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात झालेल्या या भूकंपात नव्यानेच बांधलेल्या ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाची मुख्य इमारत खालच्या भागात मोठ्या प्रमाणात एका बाजूस सरकली. सर्पिलाकार सळईने आवळलेले गोल गाभ्याचे स्तंभ बाहेरचे काँक्रीट गळूनही भार पेलत राहिले. विरळ रिंगांचे कोपऱ्यांतील स्तंभ मात्र चुरडले. एकाच इमारतीत, एकाच धक्क्यात दिसलेल्या या फरकाने तन्यतेविषयीच्या नियमांना मोठी चालना मिळाली.

भूज, २००१ – २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये ७.७ महत्तेचा भूकंप झाला. केंद्रापासून सव्वादोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अनेक बहुमजली इमारती कोसळून सुमारे ७५० जण मृत्युमुखी पडले. शहरात नोंदले गेलेले जमिनीचे कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे एक दशांश, म्हणजे तुलनेने माफक होते. पडलेल्या इमारतींत वाहनतळासाठी मोकळा तळमजला, बाहेर काढलेल्या भागांवरील तरंगते स्तंभ, ९० अंशांत वळवलेल्या विरळ रिंगा आणि लिफ्टभोवतीच्या काँक्रीट भिंती व मजले यांच्यातील कच्चे जोड असे दोष आढळले. साबरमतीकाठच्या गाळाच्या जमिनीनेही कंपने वाढवली. त्याच परिसरातील इतर अनेक इमारती उभ्या राहिल्या. तळमजल्यावरील काही भिंतींनीही काही ठिकाणी चौकटीला आधार दिला.

क्राइस्टचर्च, २०११ – २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपातील १८५ मृत्यूंपैकी ११५ कँटरबरी टेलिव्हिजनच्या एकाच सहा मजली इमारतीत झाले. केवळ उभा भार वाहतील असे गृहीत धरलेल्या स्तंभांत आवळणाऱ्या सळ्या फारच विरळ होत्या. आडव्या बलाचा हिशेब कोणत्याही घटकाच्या नावे मांडला, तरी इमारतीबरोबर प्रत्येक स्तंभाला झुलावेच लागते, हे यातून अधोरेखित झाले.

तुर्कस्तान, २०२३ – ६ फेब्रुवारी २०२३ रोजी काही तासांच्या अंतराने झालेल्या दोन मोठ्या भूकंपांत तुर्कस्तानात ५०,००० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. असंख्य काँक्रीट इमारतींचे मजले एकावर एक थरासारखे बसले. देशात आधुनिक भूकंप संहिता अस्तित्वात होती. तिची अंमलबजावणी आणि नियमबाह्य बांधकामांना दिलेली माफी यांवर त्यानंतर तीव्र टीका झाली.

भारतीय मानके

भारतीय भूकंप मानक आयएस १८९३ प्रथम १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. तन्यतेविषयीचे नियम आधी आयएस ४३२६ मध्ये समाविष्ट होते. १९९३ मध्ये त्यांसाठी आयएस १३९२० हे स्वतंत्र मानक आले. भूजच्या भूकंपानंतर २००२ मध्ये आयएस १८९३ ची सुधारित आवृत्ती निघाली. तीत देशाची विभागणी पाचऐवजी चार भूकंपक्षेत्रांत करण्यात आली, तसेच मऊ मजल्याचे स्तंभ व तुळया गणनेतून येणाऱ्या बलाच्या अडीच पट बलासाठी संकल्पित करण्याची तरतूद मोकळ्या तळमजल्याच्या इमारतींसाठी होती. २०१६ च्या आवृत्तीने क्षेत्र ३, ४ आणि ५ मध्ये तन्यतेची तरतूद नसलेल्या साध्या चौकटींना मनाई केली. अस्तित्वात असलेल्या काँक्रीट इमारतींच्या तपासणीसाठी व मजबुतीकरणासाठी आयएस १५९८८ हे मानक आहे.

महाराष्ट्रातील स्थिती

२०१६ च्या नकाशानुसार मुंबई आणि पुणे क्षेत्र ३ मध्ये, नागपूर क्षेत्र २ मध्ये, तर कोयना परिसर क्षेत्र ४ मध्ये येतो. २००१ मध्ये हानी झालेले अहमदाबादही क्षेत्र ३ मध्येच आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा हे राज्यातील दोन विध्वंसक भूकंप ग्रामीण भागात झाले. किल्लारी परिसरातील प्राणहानी प्रामुख्याने दगड-मातीच्या जाड भिंतींची व जड धाब्याची घरे कोसळून झाली. त्यामुळे राज्यातील मोठ्या शहरांतील बहुमजली काँक्रीट चौकटींची तीव्र धक्क्यात अद्याप कसोटी लागलेली नाही. किल्लारीचा भाग त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्र १ मध्ये होता. पुढे तो क्षेत्र ३ मध्ये घेण्यात आला.

मोकळ्या तळमजल्याच्या इमारती पुणे, मुंबई व ठाणे परिसरात सर्वत्र दिसतात. किनारपट्टीवर खाऱ्या हवेमुळे सळ्या गंजण्याची समस्या त्यात भर घालते. रिंगा पृष्ठभागाच्या सर्वांत जवळ आणि बारीक असल्याने गंजाचा पहिला परिणाम त्यांच्यावर होतो. म्हणजे ज्या सळ्यांवर तन्यता अवलंबून असते त्याच प्रथम क्षीण होतात.

मजबुतीकरण

जुन्या इमारतीची ताकद किंवा तन्यता वाढवण्याच्या उपायांना मजबुतीकरण म्हणतात. त्याआधी मूळ नकाशे, काँक्रीटची प्रत, सळ्यांची स्थिती आणि गंज यांची तपासणी करतात. तळमजला मऊ असल्यास काही गाळ्यांत पायापासून काँक्रीटच्या भिंती किंवा पोलादी तिरपे आधार घालणे हा परिणामकारक उपाय आहे. स्तंभांभोवती नव्या सळ्या व काँक्रीटचे आवरण देतात किंवा पोलादाचे अथवा तंतुमय पदार्थाचे वेष्टण गुंडाळतात. वेष्टणाचे काम मुळात रिंगांचेच, म्हणजे गाभा आवळण्याचे असते. आखूड स्तंभालगतची अर्धी भिंत त्यापासून फट ठेवून वेगळी करता येते.

मजबुतीकरणाचे काम एखाद्या घटकापुरते पाहून चालत नाही. केवळ तुळया भक्कम केल्यास स्तंभ आधी मोडू शकतात आणि एकाच बाजूस भिंत वाढवल्यास पिळवट निर्माण होते. केवळ गिलावा नवा करणे किंवा तडे बुजवणे हे मजबुतीकरण नव्हे.

महत्त्वाच्या इमारतींसाठी पाया व चौकट यांच्यामध्ये रबर आणि शिसे यांचे लवचीक आधार बसवून जमिनीची हालचाल वर पोहोचू न देण्याचे तंत्र वापरतात. २००१ मध्ये कोसळलेल्या भूज येथील रुग्णालयाच्या जागी उभारलेले नवे रुग्णालय अशा आधारांवर बांधण्यात आले आहे.